प्रयोगशाळेतील शिल्लक : हक्क की उष्टे?

दरवर्षी मार्च महिना आला की अनुदानावर चालणाऱ्या संस्थांमध्ये एकच धावपळ सुरू होते. ३१ मार्चच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर तो परत जाणार, म्हणून मिळेल ते विकत घेतले जाते. या खरेदीत विज्ञान शाखेसाठी रसायनांच्या बाटल्याही येतात. गरज पन्नास ग्रॅमची असते, पण कंपनीची बाटली पाचशे ग्रॅमची असते. बाटली येते, भांडार नोंदवहीत चढते, पन्नास ग्रॅम वापरले जाते आणि उरलेले साडेचारशे ग्रॅम कपाटात जाऊन बसते. पुढे संशोधन करणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, अभ्यासक्रम बदलतो, प्राध्यापक निवृत्त होतात; बाटली मात्र जागची हलत नाही. लेबलाचा कागद पिवळा पडतो, अक्षरे पुसली जातात आणि एके दिवशी निर्लेखन समितीच्या यादीत तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो. सरकारी पैशाने घेतलेली वस्तू सरकारी कागदावरच मरते.

आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चला. चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतही विज्ञान शाखेची कनिष्ठ महाविद्यालये आहेत. तेथील मुलगा, मुलगी बारावीला रसायनशास्त्र घेते. राज्य मंडळाच्या परीक्षेत या विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. जेथे ब्युरेट एक आणि भोवती मुलांचा गराडा, तेथे प्रयोग सर करतात आणि मुले बघतात. रसायनच संपलेले असेल तर बघणेही नाही. आकडे फळ्यावर येतात आणि मुले ते जर्नलमध्ये उतरवून घेतात. गुण पडतात, कारण सगळ्यांनाच पडतात. पण हाच मुलगा पुढे शहरात बी.एस्सी.ला आला की पिपेट कशी धरायची हे त्याला ठाऊक नसते. बाजूची मुले हसतात आणि त्याला वाटते की आपल्यातच काही कमी आहे. कमी त्याच्यात नव्हती. ती त्याच्या शाळेच्या कपाटात होती, आणि त्या कपाटात जे असायला हवे होते ते जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्याच कपाटात धूळ खात पडले होते.

हिशेबच करायचा तर करून पाहू. पोटॅशियम परमँगनेट हे बारावीच्या अनुमापनात नेहमी लागणारे रसायन. त्याचे ०.०२ मोलर द्रावण एक लिटर करायचे तर ३.१६ ग्रॅम पुरते. म्हणजे पाचशे ग्रॅमच्या एका बाटलीतून सुमारे १५८ लिटर द्रावण होते. एका विद्यार्थ्याला एका प्रयोगासाठी १०० मिलिलिटर धरले तर ही एकच बाटली दीड हजारांहून अधिक मुलांच्या हातून प्रयोग करवून घेऊ शकते. झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवले तर हे रसायन वर्षानुवर्षे टिकते. मोरचूद, मीठ, पोटॅशियम डायक्रोमेट यांचेही तसेच. एका संस्थेच्या कपाटात अशी न लागणारी एक बाटली पडून असणे याचा अर्थ काय होतो, हे या हिशेबावरून वाचकांनी ठरवावे.

रसायनांच्या बाटल्यांचा प्रश्न आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात मांडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण जुनेच आहे. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि ती शिक्षणासाठी उघडते तेव्हा लाभ वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. आज वर्गाचे दार कायद्याने सर्वांना खुले आहे. प्रयोगशाळेचे कपाट मात्र अजून खुले झालेले नाही. भारतीय संविधानाचे अनुच्छेद ३९ (ब) राज्याला सांगते की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताला उपकारक होईल असे असावे. अनुच्छेद ४६ दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची काळजी घ्यायला सांगते. अनुच्छेद ५१ (क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ज्या मुलाने परीक्षानळी हातात धरलेलीच नाही त्याने वैज्ञानिक दृष्टिकोन कोठून आणायचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही असा निर्णय दिला, हे खरे. पण करदात्यांच्या पैशातून, सार्वजनिक अनुदानातून घेतलेली रसायनाची बाटली कोणाची खासगी मालमत्ता आहे, हे कोणी सांगावे.

संस्थांनी एकमेकांत वाटून घेणे ही काही नवी कल्पना नाही. आपल्या कोल्हापूरकडचा शेतकरी पैरा करतो. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. दूध संघ, साखर कारखाने, पाणीपुरवठा संस्था ही सहकाराची सगळी उभारणी याच समजुतीवर झाली. उच्च शिक्षणातही ही वाट पडलेली आहे. शिवाजी विद्यापीठात सामाईक सुविधा केंद्र आहे आणि ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘सैफ’ योजनेशी जोडलेले आहे. बाहेरच्या महाविद्यालयातील संशोधकाला ठरलेले शुल्क भरून तेथील महागड्या यंत्रांवर आपले नमुने तपासून घेता येतात. देशभरातील अशा यंत्रांची माहिती एकत्र मिळावी म्हणून जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ ही व्यवस्था सुरू झाली. ग्रंथालये एकमेकांना पुस्तके देतात. रक्ताचेही तेच. एका रक्तपेढीत रक्त मुदत संपून वाया जाते आणि दुसरीकडे रुग्ण रक्तावाचून तळमळतो, हे थांबावे म्हणून २०१५ साली रक्तपेढ्यांना शिल्लक रक्त एकमेकींना देण्याची परवानगी केंद्राने दिली. माणसाचे रक्त नियम लावून एका पेढीतून दुसऱ्या पेढीत जाऊ शकते, कोटी रुपयांचे यंत्र दहा संस्थांना वापरता येते, मग मोरचुदाची बाटली एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात का जाऊ नये?

अमेरिकेतील विद्यापीठे हे अनेक वर्षांपासून करीत आहेत. तेथे १९७६ साली घातक कचऱ्याविषयी कडक कायदा झाला. रसायन फेकणे महाग पडू लागले, कित्येकदा ते विकत घेण्यापेक्षाही जास्त. तेव्हा विद्यापीठांनी शिल्लक रसायनांच्या याद्या केल्या आणि एका विभागाला नको असलेली न उघडलेली बाटली दुसऱ्या विभागाला फुकट देणे सुरू केले. म्हणजे त्यांना शहाणपण आले ते कायद्याच्या धाकाने आणि खिशाला बसलेल्या चटक्याने. आपल्याकडे असा चटका बसत नाही, कारण आपल्याकडे फेकणे स्वस्त आहे. ते स्वस्त का आहे, याकडे पुढे येतो.

आधी कायद्याचे पाहू. संस्थाचालक आणि प्राचार्य यांच्याशी हा विषय काढला की पहिले उत्तर मिळते, ‘वकीलसाहेब, कायद्यात बसत नाही.’ बसत नाही असे म्हणणाऱ्याने कोणत्या कायद्यात बसत नाही ते सांगितले पाहिजे. २०१६ च्या घातक व इतर टाकाऊ पदार्थ व्यवस्थापन नियमांनी एक उतरंड घालून दिली आहे. आधी कचरा होऊच द्यायचा नाही, मग कमी करायचा, मग पुन्हा वापरायचा, मग पुनर्चक्रीकरण, मग त्यातून काही मिळवता आले तर ते, आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट. आपल्या संस्था सुरुवातच शेवटच्या पायरीवरून करतात, तीही सुरक्षितपणे नाही. याच नियमांत टाकाऊ पदार्थाची व्याख्या आहे. जी वस्तू उत्पादन किंवा उपउत्पादन नाही आणि ज्याच्याजवळ ती आहे त्याला तिचा पुढे काही उपयोग उरलेला नाही, ती टाकाऊ. माझे मत असे आहे की सीलबंद, मुदतीतील, लेबल शाबूत असलेली बाटली ज्या कामासाठी बनवली त्याच कामासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जात असेल तर ती अजून उत्पादनच आहे. ती कचरा झालेली नाही. पण निर्लेखन समितीने एकदा ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला की हाच युक्तिवाद लंगडा पडतो. म्हणून देवाणघेवाण व्हायची ती निर्लेखनाच्या आधी व्हायला हवी. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतही अतिरिक्त, कालबाह्य आणि निरुपयोगी हे तीन शब्द वेगवेगळे वापरले आहेत. आपल्याकडची कार्यालये तिन्हींची एकच मोळी बांधतात आणि तेथेच घोटाळा होतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने यावर एक स्पष्ट परिपत्रक काढले तर प्राचार्यांची भीती जाईल.

याचा अर्थ कोणतीही बाटली कोणीही कोणालाही द्यावी असा नाही. आम्लांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिले. शैक्षणिक संस्था आणि प्रयोगशाळांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे सादर करावी, ताबा आणि सुरक्षिततेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असे त्यात सांगितले आहे. किती महाविद्यालयांत ही नोंदवही आहे, हा वेगळा लेखाचा विषय आहे. विषारी पदार्थांना १९१९ चा विष कायदा लागू आहे. शुद्ध अल्कोहोलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. असिटिक अनहायड्राइड हे अमली पदार्थांसाठी वापरले जाऊ शकते म्हणून २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशाखाली येते. वाहतुकीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील घातक मालाचे नियम आहेत. आम्लाची बाटली पिशवीत घालून एस.टी.ने न्यायची नसते. १९८९ च्याच घातक रसायनविषयक नियमांनी डब्यावरचे लेबल आणि सुरक्षा माहितीपत्रक यांची सक्ती केली आहे. हे सगळे कायदे वाचल्यावर काय उरते? परवान्याखाली येणारे, विषारी, स्फोटक पदार्थ देवाणघेवाणीतून सरळ वगळावेत. बाकी साधे क्षार, दर्शके, गाळणकागद, काचेची भांडी यांना अडवणारा कायदा मला सापडलेला नाही. गावाकडच्या प्रयोगशाळेची निम्मी अडचण तेवढ्यावरच भागते.

आता खरा आक्षेप. तो संस्थाचालकांचा नाही, आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. ते विचारतात, ‘पुन्हा आमच्या पोरांच्या वाट्याला उरलेसुरलेच का? येसकराने दारोदार फिरून भाकरी मागायची, मेलेले जनावर ओढायचे आणि त्याचेच मांस खायचे, यातून बाबासाहेबांनी आम्हाला बाहेर काढले. आता शहरातल्या महाविद्यालयाची शिळी रसायने आमच्या निवासी शाळेत आणून टाकणार का?’ १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. इतक्या झगड्यानंतर मिळालेला स्वाभिमान रसायनाच्या बाटलीसाठी गहाण टाकायचा नाही, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

पण उष्टे आणि वाटा यांत फरक आहे. उष्टे देणारा ठरवतो. काय द्यायचे, कधी द्यायचे आणि देताना तोंडावर काय बोलायचे हे सगळे त्याच्या हातात असते. वाट्यात मागणारा ठरवतो, कारण वस्तूवर त्याचाही हक्क असतो. म्हणून या व्यवस्थेची पहिली अट हीच असली पाहिजे की यादी देणाऱ्याने जाहीर करायची आणि निवड घेणाऱ्याने करायची. ज्याची मागणी नाही ते कोणाच्या गळ्यात मारायचे नाही. मुदत संपलेले, फुटके, लेबल नसलेले ‘देणगी’ म्हणून स्वीकारायचे नाही. देणगीचे फोटो काढायचे नाहीत. ज्याचे होते त्याला मिळाले, त्यात सत्कार कसला? आणि शिल्लक मिळते म्हणून शाळेचे हक्काचे प्रयोगशाळा अनुदान एक रुपयानेही कमी करता येणार नाही, हे शासनाकडून लेखी घ्यायचे. नाही तर आज बाटली देतील आणि उद्या अनुदान काढून घेतील.

‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याचे एक उदाहरण दिल्लीचे आहे. ते प्रत्येक प्राचार्याने डोळ्यांपुढे ठेवावे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली घेतलेले, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले एक उपकरण होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. पंचवीस वर्षे पडून राहिल्यानंतर फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगाराच्या लिलावात विकले गेले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले आणि तेथे ते फोडण्यात आले. आत काय आहे हे फोडणाऱ्या कामगारांना कोणी सांगितले नव्हते. एप्रिल २०१० मध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना किरणोत्सर्गाने झालेल्या जखमा घेऊन रुग्णालयात जावे लागले. ज्ञान विद्यापीठात राहिले आणि मरण भंगारवाल्याच्या वाट्याला गेले. किरणोत्सारी पदार्थ आणि साधी रसायने यांत फरक आहे, हे मान्य. पण ज्या वृत्तीने ते उपकरण लिलावात गेले, त्याच वृत्तीने जुन्या बाटल्या भंगारात आणि कचऱ्यात जातात.

फेकणे स्वस्त का आहे, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारी सामाईक केंद्रे राज्यात मोजकी आहेत. कोल्हापूरला जवळचे म्हणजे पुणे जिल्ह्यातील रांजणगाव. तेथे पाठवायचे तर नोंदणी, वाहतूक, शुल्क हे सारे आले. नियमाप्रमाणे असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवताही येत नाही. त्यापेक्षा मोरीचा नळ सोडणे सोपे. कोल्हापूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारे जयंती आणि दुधाळी नाले पंचगंगेकडे जातात. कसबा बावड्याचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र मैलापाण्यासाठी उभारले आहे. क्रोमियम, शिसे, पारा काढून टाकण्यासाठी ते बांधलेले नाही. ती बाटली मोरीत ओतायला सांगितले जाते कोणाला? प्रयोगशाळा परिचराला, नाही तर ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला. रिकामी बाटली कचऱ्यात गेली की ती हाताने वेगळी करणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. तुंबलेल्या गटारात कोणाला उतरवले जाते तेही सांगायला नको. हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारातील मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. भरपाई मेल्यावर मिळते. गटारात काय ओतले आहे हे उतरणाऱ्याला जिवंतपणी कळले पाहिजे.

म्हणून शिल्लक रसायनांच्या प्रश्नाला दोन टोके आहेत आणि दोन्ही टोकांना आपलीच माणसे उभी आहेत. एका टोकाला रसायनावाचून प्रयोग हुकलेला विद्यार्थी आणि दुसऱ्या टोकाला तेच रसायन हाताने निस्तरणारा कामगार. बाटली वेळेवर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली तर पहिल्याचे नुकसान टळते आणि दुसऱ्याचा धोकाही टळतो. ती कपाटातच कुजली तर दोघांचेही नुकसान होते आणि ज्याने ती विकत घेतली त्याचे काहीच बिघडत नाही.

जुनी बाटली किती घातक ठरू शकते याचीही कल्पना असावी. इथर वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यात पेरॉक्साइड तयार होते आणि झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. पिक्रिक आम्ल ओले ठेवावे लागते. वाळले की ते स्फोटक होते. आपल्या बारावीच्या प्रयोगशाळेत अल्डिहाइड-कीटोन ओळखण्यासाठी जे डीएनपी वापरतात, त्याच्या जुन्या वाळलेल्या साठ्यांमुळे २०१६ साली ब्रिटनमधील शाळांत लष्कराची बॉम्बनाशक पथके बोलवावी लागली होती. अशी बाटली झाडणाऱ्याच्या हातून उचलून बाजूला ठेवायला लावणे हा गुन्हा समजला पाहिजे. तिला कोणी हात लावायचा नाही, खोली बंद करायची आणि तज्ज्ञाला बोलवायचे.

मग करायचे काय? शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. विद्यापीठाने पुढाकार घेऊन रसायनांची एक सामाईक पेढी चालवावी. त्यासाठी इमारत नको. प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने वर्षातून दोनदा, डिसेंबर आणि जून महिन्यात, आपल्या शिल्लक साठ्याची यादी द्यावी. त्यात रसायनाचे नाव, प्रमाण, खरेदीचे वर्ष, मुदत आणि बाटली उघडलेली की बंद, एवढी माहिती पुरे. डिसेंबर यासाठी की मार्चअखेरची खरेदी करण्यापूर्वी आधी ही यादी पाहणे प्रत्येक संस्थेला बंधनकारक करता येईल. शेजारच्या महाविद्यालयात आहे तेच पुन्हा विकत घेतले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला पाहिजे. लहान प्रयोगशाळांनी एकत्र येऊन खरेदी केली तर पाचशे ग्रॅमची बाटली चार शाळांत वाटून घेता येईल आणि शिल्लक मुळात राहणारच नाही. वाटप करताना पहिला क्रम अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा, आश्रमशाळा आणि डोंगरी तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालये यांचा असावा. कारण संलग्नतेची चौकट त्यांना वगळते आणि गरज त्यांचीच जास्त आहे. वाहतुकीचा खर्च देणाऱ्याचा. प्रत्येक बाटलीबरोबर मराठीतून लिहिलेले सुरक्षा माहितीपत्रक जावे, कारण ती हाताळणाऱ्या परिचराला इंग्रजी येईलच असे नाही. आणि या पेढीच्या समितीवर प्राध्यापकांच्या जोडीने प्रयोगशाळा परिचरांचा व सफाई कामगारांचा प्रतिनिधी असावा. कपाटात नेमके काय आहे हे विभागप्रमुखापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असते.

विद्यापीठ हे आपण होऊन करील म्हणून वाट पाहत बसण्याची गरज नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ हे आपल्या हातातले हत्यार आहे. अनुदानित महाविद्यालय सार्वजनिक प्राधिकरणात मोडते. दहा रुपयांचा अर्ज करून पुढील गोष्टी मागता येतात : गेल्या पाच वर्षांतील रसायन खरेदी, भांडार नोंदवहीतील आजची शिल्लक, निर्लेखनाचे ठराव, निर्लेखित रसायनांची विल्हेवाट कोणामार्फत लावली त्याच्या पावत्या, आणि २०१३ च्या आदेशाप्रमाणे ठेवलेली आम्लाची नोंदवही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागण्याचाही अधिकार कलम २ (ञ) मध्ये आहे. प्रत्येक तालुक्यातील दोन कार्यकर्त्यांनी एकेक अर्ज केला तरी जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांचे चित्र दोन महिन्यांत समोर येईल. ते चित्र घेऊन कुलगुरूंकडे जाता येईल, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. गरज पडली तर जनहित याचिकेसाठी मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही.

शिक्षक बांधवांनाही एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकजण याच डोंगरी तालुक्यांतून, राखीव जागेवर, शिष्यवृत्तीवर शिकून शहरातल्या महाविद्यालयात प्राध्यापक झाला आहात. कपाटाची किल्ली आता तुमच्याकडे आहे. उद्या कपाट उघडा आणि एका कागदावर लिहून काढा की यातले काय येत्या दोन वर्षांत आपल्याला लागणार नाही. या कामाला कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि पेढीची पहिली यादी तीच असेल.

१९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा हुकूम काढला. त्या हुकमामागचा विचार साधा होता. जे सार्वजनिक पैशाने उभे राहते त्याला कुलूप लावण्याचा अधिकार कोणाला नाही. आज पाणवठ्याच्या जागी प्रयोगशाळेचे कपाट आहे. आपल्या मुलांना त्यातले शिळे नको, फुटके नको, कोणाची मेहेरबानीही नको. चालू वर्षाची यादी जाहीर करा, एवढीच पहिली मागणी आहे. येत्या मार्चअखेरची खरेदी सुरू होण्यापूर्वी ती लेखी अर्जाने प्रत्येक महाविद्यालयाच्या टेबलावर गेली पाहिजे.